हात गळ्यात आल्यावर

कारखान्यांची धुराडी पेटली की वाठारहून वारणानगर ओलांडून कोडोलीत येणारा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातो. अंधारात मागचा दिवा नसलेली, दोन्ही बाजूंनी उसाचे शेंडे बाहेर आलेली ट्रॉली दिसेपर्यंत मोटारसायकल तिच्यापाशी पोचलेली असते. पोरगा गाडी बाजूला घेतो, चाक घसरतं आणि तो खांद्यावर आदळतो. त्याच गावात पहाटे धार काढायला गोठ्यात गेलेल्या साठी ओलांडलेल्या बाईचा पाय ओल्या शेणावरून सरकतो, ती हात टेकून सावरायला जाते आणि दंडाचं हाड खांद्यापाशी मोडतं. दुसऱ्या दिवशी दोघंही एक हात गळ्यात बांधून, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट धरून कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत असतात. विचारपूस करणारा प्रत्येक जण दोघांनाही तेच विचारतो, "ऑपरेशन सांगितलंय काय?"

प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यामागे एक पक्का समज बसलेला असतो. ऑपरेशन म्हणजे खरा उपचार, आणि ऑपरेशन नाही म्हणजे एकतर दुखापत किरकोळ, नाहीतर घरच्यांनी पैशापायी हात आखडता घेतला. "नुसतं बांधून पाठवलं" या वाक्यातला 'नुसतं' हा शब्द फार जड आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर त्याला तो लागतो, सून सोबत गेली असेल तर तिला लागतो, आणि मग दुसऱ्या डॉक्टरकडे, तिसऱ्या डॉक्टरकडे फेऱ्या सुरू होतात. जो कुणी "उद्याच प्लेट टाकू" म्हणेल तो हुशार ठरतो.

खांद्याच्या बाबतीत हा समज तपासून बघायला हवा. या एका सांध्याबद्दल गेल्या 15 वर्षांत वैद्यकशास्त्राने स्वतःलाच बरेच अवघड प्रश्न विचारले आहेत आणि मिळालेली उत्तरं गावच्या कट्ट्यावरच काय, बऱ्याच दवाखान्यांतही पुरती रुजलेली नाहीत.

मुळात 'खांदा मोडला' या दोन शब्दांत तीन वेगळी हाडं येतात. पुढे हसळीचं हाड, ज्याला आता सगळे कॉलर बोन म्हणतात. मागे खवाट्याचं पसरट हाड, जे सहसा मोडत नाही आणि मोडलं तर आघात जबर होता असं समजून छाती-फुप्फुसंही तपासावी लागतात. आणि तिसरं दंडाचं हाड, त्याचं वरचं गोल डोकं आणि मान. दंडाच्या हाडाचा हा गोळा खवाट्याच्या उथळ वाटीत टेकलेला असतो. खुब्याची वाटी खोल असते, ती मांडीच्या हाडाला कवटाळून धरते. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी. म्हणून तर हात मागे, पुढे, वर, गोल असा कुठेही फिरतो. गोळा जागेवर ठेवण्याचं काम त्याच्याभोवती पसरलेले चार स्नायू करतात, त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. गोळ्याच्या बाजूच्या दोन उंचवट्यांना हे स्नायू चिकटलेले असतात, म्हणून हाड मोडलं की प्रत्येक स्नायू आपापला तुकडा आपल्या दिशेला ओढतो. बैलजोडीतला एक बैल उजवीकडे आणि एक डावीकडे निघावा, तसं. एक्स-रेवर दिसणारी वाकडीतिकडी रचना बहुतेक वेळा पडण्यापेक्षा या ओढीनं झालेली असते.

याच जागी काखेतून वळसा घालून एक नस जाते. तिला मार लागला तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शर्टाच्या बाहीवर बिल्ला लावतात तेवढ्या जागेत, बधिरपणा येतो. तपासणाऱ्याने टाचणीचं टोक किंवा कापूस तिथे लावून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी हात गळ्यात बांधण्याच्या घाईत ती तपासणी राहून जाते आणि महिन्याभराने खांदा उचलेना झाला की शोध सुरू होतो. उपचार कोणताही ठरो, पहिल्या दिवशी ही नस तपासून कागदावर नोंदवली आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकाला आहे.

हाड बसवण्याची विद्या या मातीला नवी नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे 12 आणि निखळलेल्या सांध्यांचे 6 प्रकार सांगितले आहेत. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून तो वर उचलावा आणि मग स्वस्तिकासारखा बंध बांधावा, असं त्यात आहे. कॉलर बोनसाठी पाठीवर बांधला जाणारा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा स्वस्तिकबंध चटकन ओळखू येईल. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सुश्रुताने हाड जुळण्याचा काळ वयावर बसवला. तरुणपणी जेवढा काळ लागतो त्याच्या दुप्पट मध्यमवयात आणि तिप्पट उतारवयात. मोडलेलं हाड एकसारखं दिसलं तरी माणूस एकसारखा नसतो, ही जाण त्या हिशोबात आहे. कोल्हापूरच्या तालमींतल्या वस्तादांनी हीच विद्या आपल्या परीने जपली. खासबागेच्या मैदानात उतरणाऱ्या पैलवानाचा उतरलेला खांदा बसवणारे हात या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. त्या हातांचा मान ठेवूनही एक सांगायला हवं. नुसता निखळलेला खांदा आणि मोडून निखळलेला खांदा बाहेरून सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारात झटका देऊन बसवायला गेलं तर एका तुकड्याचे दोन होतात आणि नसही दुखावते. एक्स-रे काढल्याशिवाय खांद्याला झटका देऊ नये.

शस्त्रक्रियेचा रस्ता या भागात आधी मिरजेला जायचा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तिथे मिशनचं रुग्णालय उभं केलं. कोडोलीतही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा दवाखाना होता, पण मोठं काम निघालं की "मिरजेला न्या" हेच सांगणं असे. पुढे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी मिरजेत अस्थिरोगाचं असं केंद्र उभारलं की देशभरातले तरुण सर्जन शिकायला येऊ लागले. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि बाहेरून लावायच्या हलक्या सळ्यांची पद्धत बसवली. 'जेस' या नावाने ती ओळखली जाते. जखम उघडी, मातीने माखलेली असेल, आत मोठी प्लेट घालणं धोक्याचं असेल तेव्हा ती आजही कामाला येते. आता कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयं आहेत, कोडोलीहून तासाभरात पोचता येतं. मोडलेल्या हाडाला सर्जन मिळत नाही, ही अडचण या तालुक्याची फारशी राहिलेली नाही.

अडचण निर्णयाची आहे.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी 1970 मध्ये दंडाच्या वरच्या हाडाच्या मोडीची वर्गवारी मांडली. गोळा, दोन उंचवटे आणि खालची नळी असे चार भाग. त्यातला कुठलाही भाग 1 सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा 45 अंशांहून अधिक कलला तर तो वेगळा तुकडा मोजायचा. जगभरचे सर्जन आजही 'टू पार्ट', 'थ्री पार्ट', 'फोर पार्ट' हीच भाषा बोलतात. पण पुढच्या काळात असंही दिसून आलं की एकच एक्स-रे निरनिराळ्या तज्ज्ञांना दाखवला तर त्यांचं या तुकड्यांवर बऱ्याचदा एकमत होत नाही. एवढंच काय, काही महिन्यांनी तोच एक्स-रे त्याच तज्ज्ञाला दाखवला तरी उत्तर बदलतं. निर्णयाचा पायाच असा हलता असेल, तर पेशंटने दुसरं मत मागणं यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही.

2000 नंतर लॉकिंग प्लेट आली. हिचे स्क्रू प्लेटमध्येच आटे पाडून बसतात, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड राहील अशी आशा होती. तुटलेल्या कपासारखं दिसणारं हाड ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर जागच्या जागी बसलेलं बघून डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही समाधान वाटायचं. या प्लेटांची संख्या झपाट्याने वाढली. मग ब्रिटनमधल्या 32 रुग्णालयांनी मिळून एक मोठा प्रयोग केला. दंडाच्या मानेपाशी मोडून हाड सरकलेल्या 1,250 जणांना तपासून त्यांतले 250 निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची विभागणी झाली, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांचा हात गळ्यात. दोन वर्षं पाठपुरावा झाला. 2015 मध्ये निकाल छापून आला. दुखणं, हाताची हालचाल, रोजची कामं यांच्या गुणांकनात दोन्ही गटांत फरक जवळपास नव्हताच. पाच वर्षांनीही चित्र तेच राहिलं. नंतर उत्तर युरोपात साठी ओलांडलेल्यांवर झालेल्या चाचणीतही दोन तुकड्यांच्या मोडीत प्लेटने काही वेगळा फायदा दाखवला नाही.

याचा अर्थ सर्जनांनी हत्यारं खाली ठेवावीत असा कुणी लावला तर तो चूक ठरेल. त्या प्रयोगात खांदा निखळलेले, ऑपरेशनवाचून गत्यंतरच नसलेले पेशंट आधीच बाजूला काढले होते. गोळाच दुभंगला असेल, मोडीबरोबर सांधा निखळून जागेवर येत नसेल, रक्तवाहिनी फाटली असेल, हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर ऑपरेशन लागतंच आणि ते लवकर लागतं. ट्रॉलीला धडकलेल्या पंचविशीतल्या पोराचा हिशोबही निराळा. त्याचं हाड टणक आहे, स्क्रू धरतं, आणि त्याला पुढची 40 वर्षं त्या हाताने ऊस तोडायचा आहे किंवा गाडी चालवायची आहे. त्याच्या कॉलर बोनचंच उदाहरण घ्या. नीअर यांनीच 1960 मध्ये लिहिलं होतं की हे हाड बांधून ठेवलं तर जवळजवळ कधीच न जुळता राहत नाही. त्यावर चार दशकं साऱ्यांनी विश्वास ठेवला. 2007 मध्ये कॅनडातल्या 132 पेशंटांच्या चाचणीने तो मोडला. शेवटपर्यंत पाठपुरावा झालेल्यांत, मधोमध मोडून पुरतं सरकलेलं हाड प्लेट लावलेल्या 62 जणांपैकी दोघांत जुळलं नाही, तर न लावलेल्या 49 जणांपैकी सात जणांत जुळलं नाही. म्हणजे पोराला "हे आपोआप जुळतं" म्हणून परत पाठवणं आणि आजीला "प्लेटशिवाय हात कामातून जाईल" म्हणून घाबरवणं, दोन्ही चुकीचं असू शकतं.

आजीच्या हाडात गोळ्याच्या आतला भाग मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखा विरळ झालेला असतो. प्लेटचे स्क्रू त्यात धरत नाहीत, गोळा हळूहळू खाली कलतो आणि स्क्रूची टोकं बाहेर येऊन खवाट्याच्या वाटीला घासू लागतात. दुसरं संकट रक्तपुरवठ्याचं. स्वित्झर्लंडच्या राल्फ हेर्टेल यांनी 2004 मध्ये दाखवलं की गोळ्याला खालच्या आतल्या बाजूने चिकटून राहिलेला हाडाचा काटा 8 मिलिमीटरहून कमी असेल आणि आतली बिजागरी 2 मिलिमीटरहून जास्त सरकली असेल तर गोळ्याचं रक्त तुटलेलं असण्याची शक्यता फार वाढते. गव्हाच्या दाण्याएवढी लांबी. उत्तम प्लेट लावूनही पुढे गोळा सुकून चुरा होणार की नाही, याचा काहीसाच अंदाज त्या आठ मिलिमीटरमधून येतो. सीटी स्कॅनवर ते मोजता येतं, आणि ऑपरेशनला होकार देण्याआधी ते मोजलं का हे विचारायला हवं.

अशा चुरा झालेल्या गोळ्यासाठी सांधा बदलणं हा पर्याय आहे, आणि त्याची कहाणी मोठी आहे. पॅरिसचे झ्युल एमिल पेआँ यांनी 1893 मध्ये क्षयाने खांदा खाल्लेल्या एका बेकरीकामगाराला प्लॅटिनमची दांडी आणि रबराचा गोळा बसवला. तो दोनेक वर्षं टिकला, मग जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. 1950 च्या दशकात नीअर यांनी धातूचा गोळा आणला. त्यात मेख अशी की मोडलेले उंचवटे त्या धातूभोवती शिवून जुळावे लागतात. म्हातारपणी ते जुळत नाहीत, रोटेटर कफ निकामी होतो आणि धातूचा सुंदर गोळा असूनही हात छातीच्या वर जात नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमाराला हा प्रश्नच उलटा केला. रोटेटर कफ साथ देणार नसेल तर त्याच्यावर अवलंबून राहायचंच कशाला? त्यांनी गोळा खवाट्याच्या बाजूला बसवला आणि वाटी दंडाच्या हाडावर. सांध्याचा आस आतल्या बाजूला आणि खाली सरकला, आणि खांद्याला गोलाई देणारा जो मोठा डेल्टॉइड स्नायू बाहेरून झाकून असतो, त्याला लांब तरफ मिळाली. एकटा डेल्टॉइड हात वर उचलू लागला. नॉर्वेत 65 ते 85 वयाच्या 124 जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला. गंभीर मोडीत उलट्या सांध्याला दोन वर्षांनी 100 पैकी 68 गुण मिळाले आणि प्लेटला 54.6. फरक लहान नाही. पण ही तुलना सांधा आणि प्लेट यांच्यातली आहे. 80 वर्षांवरच्या पेशंटांत उलटा सांधा आणि गळ्यातली झोळी यांची तुलना माद्रिदमध्ये झाली, तेव्हा वर्षभराने दुखणं थोडं कमी होण्यापलीकडे मोठा लाभ दिसला नाही.

आता ब्रिटनच्या त्या निकालाकडे पुन्हा यायला हवं. कारण कोडोलीसाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ त्या निकालाच्या पोटात आहे. तिथे ज्यांचं ऑपरेशन झालं नाही, त्यांना 'नुसतं' बांधून घरी पाठवलं नव्हतं. झोळीचा काळ संपल्यावर त्यांना फिजिओथेरपिस्टकडे धाडलं गेलं, व्यायाम शिकवले गेले, घरी करायला सांगितले गेले. तिथली सरकारी आरोग्यव्यवस्था हा खर्च उचलते. ऑपरेशन आणि झोळी यांची बरोबरी झाली ती या व्यायामासकटच्या झोळीशी. व्यायामाविना बांधलेला हात त्या तुलनेत नव्हताच. तेव्हा इकडे सहा आठवडे हात गच्च बांधून ठेवायचा, मग "आता हळूहळू हलवा" म्हणून सोडून द्यायचं, आणि वर "परदेशातसुद्धा ऑपरेशन करत नाहीत" असं सांगायचं, हे त्या अभ्यासाचं नाव घेऊन त्याचा गाभा टाकून देणं आहे. शेफील्डमध्ये 86 जणांवर झालेला आणि 2003 मध्ये छापलेला अभ्यास त्याहून स्पष्ट बोलतो. हाड फारसं सरकलेलं नसेल अशा मोडीत पहिल्या आठवड्यातच हालचाल सुरू केलेल्यांचा हात, तीन आठवडे बांधून ठेवलेल्यांपेक्षा लवकर कामाला लागला आणि दुखलाही कमी.

पैशाचा प्रवाह मात्र उलट्या दिशेने वाहतो. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, 2017 मध्ये तिचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं नामकरण झालं, आणि आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. या योजनेने गरिबाच्या दारात शस्त्रक्रिया आणली, ही लहान गोष्ट नाही. सावकाराकडे किंवा सोनाराकडे न जाता मोडलेलं हाड बसवून घेणारी हजारो घरं आहेत. पण योजनेचा सांगाडा दाखल होण्यापासून घरी सोडेपर्यंत आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांपुरता आहे. खांद्याची खरी लढाई तिथून पुढे तीन महिने चालते. प्लेटला पैसे मिळतात, प्लेटनंतर हात वर जावा म्हणून लागणाऱ्या 24 फेऱ्यांना मिळत नाहीत. आणि ज्या आजीला ऑपरेशनची गरजच नाही, तिच्या घरी राहून चाललेल्या उपचाराला तर या सांगाड्यात जागाच उरत नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम वाढतं, यात कुणाला बोल लावण्याचं कारण नाही. व्यवस्था तशी रचली आहे, तर ती बदलावी लागेल. खांद्याच्या मोडीचं पॅकेज तीन महिन्यांचं असावं, ऑपरेशन होवो अथवा न होवो, त्यात व्यायामाच्या ठरावीक बैठका असाव्यात, आणि त्या कोल्हापुरात न ठेवता ग्रामीण रुग्णालयात, शक्य तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हाव्यात. दोन दिवसांआड कोडोलीहून कोल्हापूरला सोबत माणूस घेऊन जाणं म्हणजे दोघांचा रोज बुडणं. तिसऱ्या फेरीनंतर पेशंट यायचा बंद होतो आणि कागदावर 'पेशंट नियमित आला नाही' असा शेरा पडतो.

यावर सर्जनांचं एक उत्तर ऐकू येतं आणि ते खोटं नाही. इथल्या बाईला फिजिओ मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच हाड प्लेटने घट्ट करून लवकर हलवता यावं, असा त्यांचा विचार असतो. पण प्लेट टाकलेला खांदाही व्यायामाविना तितकाच आखडतो. मधुमेह असेल तर जास्तच, आणि मधुमेह आता गावागावात आहे. शिवाय त्यात जखमेचा धोका मिळवला जातो. व्यायामाची उणीव धातूने भरून निघत नाही.

आणखी एका गोष्टीकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडलेल्या बाईचं हाड तिला काहीतरी सांगत असतं. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांचा पाठपुरावा केल्यावर दिसलं की खांदा मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुब्याचं हाड मोडण्याचा धोका पाचपटीहून अधिक होतो. खुबा मोडणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा अंथरूण धरणं. तरी खांद्याचा एक्स-रे बघून हाडाची घनता, ड जीवनसत्त्व, हाड घट्ट करणारी औषधं यांबद्दल बोललं जातंच असं नाही. गोठ्यात धरायला लोखंडी नळी, ओल्या फरशीवर पोतं, न्हाणीत एक दिवा, पायात घट्ट बसणारी चप्पल, हे सांगायला तर सर्जनही लागत नाही. आशाताई ते दर महिन्याला घरात बसून सांगू शकतात.

आणि ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना विचारायचा प्रश्न अगदी साधा असतो, या हाताला काय करायचंय? लुगड्याचा पदर मागून पुढे घ्यायला, वेणी घालायला, डोक्यावरच्या वैरणीच्या भाऱ्याला धरायला किती वर जायला हवं? भारा आता सून आणत असेल आणि आजीला फक्त भाकरी थापायच्या, देवाला फूल वाहायचं असेल तर खांद्याच्या उंचीपर्यंत गेलेला हात तिला पुरतो, आणि तेवढा हात व्यायामाने बऱ्याचदा मिळतो. एकटी राहून चार म्हशींची धार काढणाऱ्या बाईला कदाचित तो पुरणार नाही. एक्स-रे दोघींचा सारखा असू शकतो.

व्यायाम शिकायला यंत्रं लागत नाहीत. कमरेतून वाकून चांगला हात ओट्यावर टेकायचा आणि दुखरा हात रहाटाच्या दोरासारखा लोंबता सोडून लहान गोल फिरवायचा, हा पहिला. मग भिंतीवर बोटांनी चढणं, रोज पेन्सिलीची खूण करत. मग गोठ्याच्या आडव्या वाशावरून सुताची दोरी टाकायची, दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरायची. चांगला हात खाली ओढला की दुखरा हात वर जातो, डोळ्यात पाणी येतं, म्हैस मान वळवून बघते, आणि हात काल जिथे थांबला होता त्याच्या दोन बोटं वर जाऊन थांबतो.